अक्राणीचे नर्मदाखोरे : शेतकऱ्याने तेथे काय पाहावे

आपल्या भागातील शेतकरी प्रवास करीत नाही, असे कोणी म्हणू नये. तो पंढरपुरास जातो, सप्तशृंगीस जातो, सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारास जातो आणि सवड मिळाल्यास एखादे कृषिप्रदर्शनही पाहून येतो. परंतु जुन्या खानदेशाच्या अगदी उत्तरेच्या टोकास सातपुड्याच्या पलीकडे नर्मदेचे जे दुर्गम खोरे आहे, ते पाहिलेले सभासद आमच्या ओळखीत फार थोडे आहेत. 'डोंगर, जंगल आणि दारिद्र्य यांखेरीज तेथे पाहण्यासारखे काय आहे?' असा प्रश्न आम्हांस पुष्कळांनी केला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिला आहे. बोदवडकडील काही सभासदांसह आम्ही कार्तिकात तिकडे जाऊन आलो. पाहिले ते, आणि त्यातून आपल्या शेतीस उपयोगी काय ते, येथे क्रमाने सांगतो.

प्रदेश व मार्ग

इ. स. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आपला जळगाव जिल्हा व पश्चिम खानदेश म्हणजे धुळे जिल्हा. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा निराळा जिल्हा झाला. त्या जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा ह्या दोन तालुक्यांच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. अमरकंटकापासून समुद्रापर्यंत तिची लांबी १,३१२ किलोमीटर आहे. त्यांपैकी महाराष्ट्रास तिचा जो काठ लाभला आहे तो सुमारे ५४ किलोमीटरांचा, आणि तोही एकाच बाजूचा. समोरचा काठ परराज्याचा आहे.

बोदवडहून रेल्वेने भुसावळ व जळगाव, तेथून सुरतेच्या मार्गाने नंदुरबार, आणि नंदुरबारहून तापी ओलांडून मोटारीने तळोदा, असा सोयीचा रस्ता आहे. तळोद्यापर्यंत सपाट काळी जमीन आपली सोबत करते. त्यानंतर चांदसैलीचा घाट लागतो आणि पाहता पाहता सर्व देखावा पालटतो. घाट चढून धडगावास पोचले म्हणजे आपण अक्राणी तालुक्याच्या मुख्य ठिकाणी आलो. येथून उत्तरेस बिलगाव, भूषा इत्यादी गावांकडे उतरत गेले की नर्मदेचे पाणी दिसू लागते. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्या यात्रेकरूंत 'शूलपाणीची झाडी' म्हणून ज्या प्रदेशाचा पूर्वी मोठा धाक असे, तो हाच मुलूख होय.

उष्ण प्रदेशातील खोरे, पण सदा हिरवे नव्हे

हे खोरे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, म्हणजे उष्ण कटिबंधात आहे. उष्ण कटिबंधातील नदीचे खोरे म्हटले की बारा महिने ठिबकणारे घनदाट अरण्य डोळ्यांपुढे येते. येथे तसे नाही. पाऊस आपल्यापेक्षा अधिक पडतो, परंतु तो चार महिन्यांत पडून संपतो व उरलेले आठ महिने कोरडे जातात. म्हणून येथील रान पानझडीचे आहे. साग, धावडा, सालई, अंजन, तेंदू, मोह व बांबू ही त्यातील मुख्य झाडे. श्रावणात जो डोंगर हिरवागार असतो तोच फाल्गुनात उघडा व तांबूस दिसतो. जो शेतकरी ही गोष्ट ध्यानात ठेवील त्यास तेथील शेतीचे मर्म कळेल, कारण चार महिन्यांच्या पाण्यावर बारा महिने कसे काढावे हा एकच प्रश्न त्या शेतीपुढे आहे. तोच प्रश्न आपल्यापुढेही आहे. फरक इतकाच की, त्यांच्या जमिनीला उतार फार आणि माती थोडी.

भूमीची घडण समजून घेतल्यास हा फरक स्पष्ट होईल. आपल्या देशातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. नर्मदा व तापी ह्या दोन मात्र खचलेल्या लांबट पट्ट्यांतून पश्चिमेकडे वाहतात आणि दोहोंच्या मधोमध सातपुडा उंच राहिलेला आहे. तापीच्या बाजूस सातपुड्याच्या पायथ्याशी नद्यांनी वाळू, गोटे व गाळ यांचे जाड थर पसरले. रावेर-यावलकडील केळीच्या बागा ह्याच थरांत मुरलेल्या पाण्यावर उभ्या राहिल्या. नर्मदेच्या ह्या टप्प्यात तसे मैदान नाही. डोंगर थेट नदीत उतरतात. काळ्या पाषाणाचे थर, त्यांना आडवे छेदून गेलेल्या कठीण खडकाच्या भिंती आणि त्यांवर वीतभर माती, अशी तेथील जमीन आहे. चांगली खोल माती होती ती फक्त नदीकाठच्या अरुंद पट्ट्यांत. त्या पट्ट्यांचे पुढे काय झाले ते यथाक्रम सांगू.

उतारावरील वावर

अक्राणीत गाव म्हणजे एका जागी दाटीने बांधलेली वस्ती नव्हे. एका गावाचे अनेक पाडे असतात व पाड्यांतील घरेही आपापल्या वावरात दूर दूर असतात. घराच्या भिंती बांबूच्या विणलेल्या व मातीने लिंपलेल्या असतात. वस्ती मुख्यत्वे पावरा व भिल्ल समाजांची आहे. शेतकरी आपल्या वावरातच राहत असल्यामुळे पावसाची पहिली सर आली की पाणी कोठून वाहते व माती कोठे तुटते हे तो दारात उभा राहून पाहतो. आपल्यापैकी कितीजण भर पावसात शेतावर जाऊन पाणी कोणत्या वाटेने चालले ते पाहतात, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

तेथील वावरात पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे दगडांच्या ताली. जमिनीतून निघालेला प्रत्येक दगड उचलून उताराला आडवा रचलेला असतो. चुना नाही, सिमेंट नाही. नुसते दगडावर दगड बसविलेले. पाणी त्यांतून झिरपून जाते व माती मागे राहते. घळीच्या तोंडाशी अशी ताल घातली म्हणजे दरवर्षी थोडा थोडा गाळ साठतो आणि काही वर्षांनी जेथे दगडधोंडे होते तेथे खाटेएवढे, मग अंगणाएवढे वावर तयार होते. आम्ही पाहिलेल्या एका घळीत पायऱ्यांसारखी एकाखाली एक अशी पाच वावरे होती. सर्वांत खालच्या वावरात कार्तिकातही ओल होती व त्यात हरभरा टाकलेला होता.

ह्या साध्या युक्तीमागे जे तत्त्व आहे ते आपणही समजून घ्यावे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते जेवढ्या वजनाचा दगड ढकलू शकते ते वजन दुप्पट न होता सुमारे चौसष्टपट होते. म्हणजे वेग निम्म्यावर आणला तर पाण्याची माती व दगड नेण्याची शक्ती त्याच प्रमाणात नाहीशी होते. उतार लांब असेल तितका वेग वाढत जातो. लांब उताराचे आडव्या बांधांनी तुकडे केले की प्रत्येक तुकड्यात पाण्यास पहिल्यापासून चालावे लागते. त्यास धाव घेता येत नाही व ते मुरू लागते. एक एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लक्ष लिटर पाणी पडते. हे पाणी वावरात थांबले तर ते धन होय आणि धावले तर तेच वावराची साल काढून नेते.

बांधबंदिस्तीचे काम एकट्या घराच्या हाताने होण्यासारखे नसते. त्यासाठी त्यांच्यात 'लाह' नावाची रीत आहे. ज्याचे काम असेल तो पाड्यास बोलावतो. घरटी एकेक माणूस येतो. मजुरी द्यावयाची नसते, फक्त जेवण द्यावयाचे असते. पुढे दुसऱ्याच्या कामास त्याने जावे, एवढेच बंधन. आपल्याकडील इर्जिकेची पद्धत हीच होती. ती मोडली तेव्हापासून सामाईक बांध व सामाईक नाला ही कोणाचीच जबाबदारी राहिली नाही.

एका वावरात अनेक पिके

दुसरी गोष्ट सरमिसळ पेरणीची. ज्वारी व मका ही तेथील मुख्य धान्ये. बरड उतारावर मोर, बर्टी यांसारखी बारीक तृणधान्ये घेतात. परंतु एकटे पीक क्वचितच दिसते. ज्वारीत तूर, तुरीच्या मध्ये उडीद व चवळी, कडेने अंबाडी, बांधावर वाल व भोपळ्याचे वेल, असा सर्व संसार एकाच वावरात असतो. आमच्यातील एका सभासदाने, जो कपाशीशिवाय दुसरे पीक घेत नाही, तेथील एका वृद्ध शेतकऱ्यास विचारले, "बाबा, एका वावरात एवढी गर्दी कशासाठी?" शाळेतील मास्तरांनी प्रश्न पावरीत समजावून सांगितला. म्हातारा हसून म्हणाला, "भाऊ, यंदाचा पाऊस कोणाला मानवेल हे आम्हांला आधी थोडेच कळते? एकाला नाही मानवला तर दुसऱ्याला मानवेल."

ह्या उत्तरात पुष्कळ कृषिशास्त्र साठलेले आहे. उडीद दोन-अडीच महिन्यांत निघतो. ज्वारी-मका त्यानंतर येतात. तूर पाऊस संपल्यावरही खोल मुळांनी ओल शोधीत माघ-पौषापर्यंत उभी राहते. पाऊस लवकर गेला तर उडीद हाती लागलेला असतो. मध्यंतरी खंड पडून ज्वारी बसली तरी पुढच्या सरीवर तूर सावरते. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र धरून ठेवणारे सूक्ष्म जीव असतात, त्यामुळे जमिनीचा कसही काही अंशी भरून निघतो. चवळीची पाने जमीन झाकून टाकतात व पावसाच्या थेंबाचा मार मातीस बसत नाही. बाजारात नेण्यास प्रत्येक जिन्नस थोडा थोडा मिळतो व एकाच भावावर घर अवलंबून राहत नाही. एकट्या कपाशीचा भाव पडला किंवा बोंडअळी आली म्हणजे आपल्या गावांत काय स्थिती होते, हे येथे नव्याने सांगण्याची गरज नाही.

मात्र ह्या पद्धतीचे गोडवे गाताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. तेथील एकरी उत्पन्न कमी आहे. पुष्कळ घरांचे धान्य वर्षभर पुरत नाही व दिवाळीनंतर माणसे मजुरीसाठी खाली मैदानात किंवा गुजरातेत उतरतात. तेव्हा आपण आपली काळी जमीन सोडून त्यांच्याप्रमाणे करावे, असे आमचे म्हणणे नाही. इतक्या अवघड जमिनीवर त्यांनी नुकसानीची वाटणी कशी केली आहे, हे पाहून आपल्या वावरात निदान कपाशीच्या ओळींत तुरीची व उडदाची जागा परत आणावी, एवढेच म्हणणे आहे.

बियाणे घरचे

घरात शिरल्यावर चुलीच्या वर छताला टांगलेली मक्याची कणसे दिसतात. काही पांढऱ्या दाण्याची, काही पिवळ्या, काही तांबड्या. चुलीचा धूर लागत असल्यामुळे त्यांना सोंडा लागत नाही. बारीक बियाणे राखेत मिसळून वाळलेल्या भोपळ्यात किंवा शेणाने सारवलेल्या कणगीत ठेवतात. कणीस निवडण्याचे काम बहुधा घरातील स्त्रिया करतात, आणि तेही खळ्यात न करता उभ्या पिकात. कोणते ताट आधी निसवले, कोणते वाऱ्यात आडवे झाले नाही, कोणाच्या कणसाला पाखरांनी कमी त्रास दिला, हे खळ्यातल्या ढिगात कळत नाही. ते वावरातच पाहावे लागते.

धडगाव भागातील ज्वारी, मका, वाल, चवळी इत्यादींच्या ह्या गावठी वाणांचे मोल जाणून 'बाएफ' ह्या संस्थेने तेथील शेतकऱ्यांच्या साह्याने वाणांची नोंद, शुद्धीकरण व सामाईक बीजपेढी यांचे काम केले आहे. दुर्गमतेमुळे बाजाराचे बियाणे तेथे उशिरा पोचले आणि म्हणूनच जुने वाण टिकले, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. दादरीचे व तुरीचे आपल्या आजोबांच्या हातचे किती वाण आज बोदवड परिसरात सापडतील? त्या समाजात बी ही देवाची ठेव मानतात. याहामोगी ही त्यांची धान्याची देवी. महाशिवरात्रीच्या सुमारास सीमेपलीकडे देवमोगऱ्यास तिची मोठी यात्रा भरते व लोक नव्या धान्याची टोपली घेऊन जातात. बी हरवणे म्हणजे दुष्काळास बोलावणे, ही समजूत त्या पूजेच्या मुळाशी आहे.

शेतीस जोड म्हणून रानाचे उत्पन्न असते. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले वेचतात. नंतर चारोळी व तेंदूची पाने येतात. वैशाखात गावठी आंब्याच्या कैऱ्या सोलून, फोडी करून कडक उन्हात वाळवितात. हाच धडगावचा आमचूर. दूरदूरच्या बाजारात तो जातो. वाळवताना एक अवकाळी सर आली तरी फोडी काळ्या पडतात व भाव खाली येतो. आंब्याचे ते झाड कोणी खतपाणी घालून वाढविलेले नसते, तथापि त्याची मालकी व वाटणी पाड्यात ठरलेली असते.

पाट आणि फड

पाणी उचलण्यास यंत्र नाही, वीज नाही आणि नदी खोल दरीत, अशा स्थितीत उंचावरील वावर भिजवावयाचे कसे? ह्याचे उत्तर नर्मदेच्या पलीकडच्या काठावरील भिताडा गावच्या भिलाल्यांनी पाटाच्या रूपाने दिले होते. हे गाव मध्य प्रदेशाच्या हद्दीत आहे व त्याची पाटपद्धत पाणीशास्त्राच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यावर बरेच वरच्या अंगास दगडांचा लहानसा बंधारा घालावयाचा व फटी सागाच्या पानांनी आणि मातीने बुजवावयाच्या. तेथून एक पाट डोंगराच्या कडेकडेने काढावयाचा. ओढ्याचा उतार तीव्र असतो, पाटाचा अगदी मंद ठेवतात. त्यामुळे ओढा जसजसा खाली जातो तसतसा पाट त्याच्याहून उंच राहत जातो व शेवटी उंचावरील वावरात आपोआप पोचतो. मध्ये घळ आली तर दगडांची पन्हाळ करून पाणी पार नेतात. दर पावसाळ्यात बंधारा वाहून जातो. पाऊस संपताच सर्वांनी मिळून तो पुन्हा घालावयाचा, व पाण्याची पाळी ठरवून घ्यावयाची.

हे वाचून धुळ्याकडील वाचकांस पांझरेवरील फडांची आठवण होईल. तत्त्व तेच आहे. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या व चाऱ्यांतून सारंग. लाभाच्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात एकच पीक आणि दरवर्षी पिकांची अदलाबदल. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सर्वांनी मिळून पडीत ठेवावयाचा. पाटकरी पाणी देणार, जागल्या पीक राखणार, आणि मालकाने स्वतः दार उघडावयाचे नाही. शतकानुशतके चाललेल्या ह्या व्यवस्थेची अनेक ठिकाणी वाताहत झाली, कारण नदीत वरून येणारे पाणी कमी झाले व गावात खालचे ऐक्यही कमी झाले. पाट असो वा फड, पाण्याची वाटणी आधी ठरते व बंधारा मागून बांधला जातो. आपण नेमके उलट करतो, म्हणूनच आपल्या कालव्यांच्या शेवटास पाणी पोचत नाही.

बिलगावाजवळ उदई नदीचा धबधबा आहे. तेथील रहिवाशांनी श्रमदान करून व जाणत्या अभियंत्यांचे साहाय्य घेऊन इ. स. २००३ मध्ये १५ किलोवॉटचे एक लहान वीजकेंद्र उभारले होते व गावात दिवे लागले होते. पुढे सरदार सरोवराचे पाणी चढले आणि ते केंद्र त्यात गेले. आता ह्या लेखाच्या मुख्य भागाकडे वळू.

बुडालेला काठ

सरदार सरोवर धरणाची कोनशिला इ. स. १९६१ मध्ये बसविली गेली. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला. त्यात महाराष्ट्रास पाव दशलक्ष एकर-फूट पाणी व धरणावरील विजेचा शेकडा २७ हिस्सा मिळाला. धरणाची उंची १३८.६८ मीटर ठरली. त्याचे लोकार्पण २०१७ मध्ये झाले व २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच पूर्ण भरला. गुजरातेतील सुमारे १८ लक्ष हेक्टर जमीन भिजवावी, असा ह्या धरणाचा संकल्प आहे. आमच्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्याने ह्या आकड्याचे महत्त्व नाकारणे हे ढोंग होईल. तहानलेल्या वावरास पाणी मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

दुसऱ्या बाजूचा हिशोब असा. महाराष्ट्रातील ३३ गावांस बुडीत लागली. त्यांपैकी अक्राणीची २४ व अक्कलकुव्याची ९. सर्वांत आधी मणिबेली. राज्याची एकूण ९,५९९ हेक्टर भूमी बुडीत क्षेत्रात धरली गेली, तीत ६,४८८ हेक्टर जंगल व अवघी १,५१९ हेक्टर लागवडीची जमीन, अशी सरकारी नोंद आहे. परंतु ज्या प्रदेशात बापजाद्यांपासून कसलेले वावर कागदोपत्री 'जंगल' म्हणून लिहिलेले असते, तेथे ह्या दोन आकड्यांमधली रेघ कोठे ओढावी? नदीकाठची जी खोल माती आम्ही वर सांगितली, तीच प्रथम पाण्याखाली गेली. वर राहिली ती दगडाची.

लवादाने घरटी किमान दोन हेक्टर जमीन देण्याचे ठरविले होते. त्यानुसार १९९० नंतर तळोद्याचे राखीव जंगल मोकळे करून तेथे काही वसाहती वसविण्यात आल्या. कोणाला जमीन मिळाली, कोणाला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, कोणी डोंगराच्या वरच्या अंगास सरकून तेथेच राहिले. ह्यासाठी नर्मदा बचाव आंदोलनाने जो प्रदीर्घ लढा दिला तो सर्वश्रुत आहे. त्याच लढ्यातून मुलांसाठी जीवनशाळाही निघाल्या. धरणाच्या युक्तायुक्ततेविषयी आमच्या सभासदांतही दोन मते आहेत व त्यांचा निकाल ह्या लेखात लागणार नाही. पण शेतकऱ्याने शेतकऱ्याकडे पाहावे तसे पाहिल्यास एक गोष्ट निर्विवाद आहे. उतारावरचा शेतकरी जेव्हा मैदानात आणून बसविला जातो तेव्हा त्याला जमीन मिळाली तरी त्याची अर्धी विद्या निरुपयोगी होते. ताल रचण्याची कला, रानातील मोह-आमचूर, गुरांची चराई, नदीतील मासळी, लाहेला येणारे शेजारी, ह्यांची नोंद सातबाऱ्यावर नसते आणि म्हणून मोबदल्यातही नसते.

आम्ही नावेतून काही अंतर गेलो. पाणी शांत व विस्तीर्ण होते. नाव चालविणाऱ्या तरुणाने एका जागी हात करून सांगितले की, येथे खाली त्याच्या आजोबांचे वावर आहे. 'आहे' असेच तो म्हणाला, 'होते' असे म्हणाला नाही. आमच्यातील कोणी काही बोलले नाही. काठावरील पुष्कळ वस्त्यांस रस्ता नाही, सर्व दळणवळण नावेनेच चालते. दवाखानासुद्धा नावेतून फिरतो. जलाशयात मासेमारी करण्यासाठी तेथील लोकांनी सहकारी संस्था काढल्या आहेत, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

आपण काय घ्यावे

आपला बोदवडचा भाग तापी-पूर्णेच्या दक्षिणेस, सातपुड्याच्या पाझरापासून दूर आहे. खाली काळा खडक, विहिरी माघ-फाल्गुनात तळ गाठणाऱ्या, आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीही ओढ. म्हणून पूर्णेचे पुराचे पाणी उचलून आणणाऱ्या बोदवड परिसर सिंचन योजनेकडे आपण कित्येक वर्षे डोळे लावले आहेत. ती मागणी रास्त आहे व आम्हीही तिचे समर्थक आहोत. परंतु हतनूरचा जलाशय झाला तेव्हा आपल्याच शेजारच्या गावांतील जमिनी त्यात गेल्या, हे आपण किती वेळा आठवतो? कोणाच्या तरी काठाची किंमत दिल्याशिवाय कोणत्याही कालव्यास पाणी येत नाही. ज्यास हे पाणी मिळेल त्याने ते वाहून घालविणे हा केवळ आळस नव्हे, तो त्या काठावरील शेतकऱ्याशी केलेला अन्याय होय.

तेव्हा ह्या भेटीवरून आम्ही आपल्या सभासदांपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, बाहेरचे पाणी मागण्यापूर्वी व मागत असताना आपल्या वावरात पडणारे पाणी अडवावे. उताराला आडवी पेरणी करावी, बांध दुरुस्त ठेवावे व प्रत्येक नाल्यास वरच्या अंगापासून खाली अशा क्रमाने दगडांच्या ताली घालाव्या. खालचा मोठा बंधारा आधी बांधून वरचा नाला मोकळा सोडल्यास तो बंधारा दोन-चार वर्षांत गाळाने भरतो. दुसरी, प्रत्येक घराने निदान एका पिकाचे बियाणे उभ्या पिकात निवडून स्वतः राखावे. तिसरी, योजनेचे पाणी प्रत्यक्ष येण्याआधीच गावाने पाण्याच्या पाळीचा नियम लिहून ठेवावा, व टंचाईच्या वर्षी कोणते क्षेत्र कोरडे राहील हेही त्यात नमूद करावे. पाणी आल्यावर हा नियम होत नाही, कारण तोपर्यंत प्रत्येकाने आपले दार उघडलेले असते.

जाणाऱ्यांस सूचना

पावसाळ्यात चांदसैलीच्या घाटात दरडी कोसळतात, म्हणून त्या दिवसांत जाऊ नये. शेती पाहावयाची असल्यास कार्तिक-मार्गशीर्ष व आमचूर पाहावयाचा असल्यास वैशाख हा काळ उत्तम. दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याच्या शिखरावर यात्रा असते, त्या वेळी वाहने मिळणे कठीण जाते. नावेत गर्दी करू नये. इ. स. २०१९ च्या संक्रांतीस भूषा येथे भाविकांनी भरलेली नाव उलटून माणसे बुडाली, हे विसरू नये. कोणाच्या वावरात विचारल्याशिवाय पाय ठेवू नये, बियाणे फुकट मागू नये, मागितल्यास बदल्यात आपले बियाणे द्यावे. त्यासाठी आपल्याकडील चांगल्या दादरीची चार शेर पिशवी बरोबर न्यावी.

आम्ही परत निघालो तेव्हा त्या वृद्ध शेतकऱ्याने आमच्या कपाशीवाल्या सभासदाच्या हातात तुरीची मूठभर शेंग दिली. ती त्याने यंदा आपल्या वावराच्या बांधाला टोकली आहे. तिचे पुढे काय होते ते योग्य वेळी वाचकांस कळवू.